सिंगापूर ते न्यूयॉर्क : किलोमीटर ठरलेले, तास मात्र रोज वेगळे

कुठल्याही दोन लांबच्या शहरांमधलं अंतर बघायचं असेल तर आता काहीच कष्ट नाहीत, फोनवर दोन नावं टाकायची की आकडा हजर. सिंगापूर आणि न्यूयॉर्क टाकून बघा, साधारण १५,३०० किलोमीटर येईल. त्याच्या खाली फ्लाइट टाइम म्हणून एका ठिकाणी १७ तास दिसेल, दुसरीकडे साडेअठरा, तिसरीकडे १९ च्या आसपास, आणि मग माणूस विचारतो की अहो अंतर जर एकच आहे तर वेळ इतका वेगवेगळा कसा, नक्की खरं काय धरायचं?

मला हा विषय मनापासून आवडतो, मी तासन् तास नकाशे आणि फ्लाइट ट्रॅकर बघत बसू शकते. आणि इतकं बघून माझं पक्कं मत झालंय की किलोमीटरचा आकडा पृथ्वीबद्दल सांगतो, प्रवासाबद्दल तो फार थोडं सांगतो. प्रवासाचा वेळ ठरवतात वारे, देशांच्या सीमा, विमानाची टाकी आणि विमानतळावरची गर्दी. आपलं माणूस किती वाजता उतरणार हे कळायला हवं असेल तर हे सगळं थोडंफार माहीत असलेलं बरं.

आधी तो १५,३०० चा आकडा येतो कुठून ते बघू, कारण तो कागद-पेन्सिलने घरबसल्या काढता येतो आणि काढल्यावर जे समजतं ते वाचून समजत नाही. सिंगापूर साधारण १०४ अंश पूर्व रेखांशावर आहे, न्यूयॉर्क ७४ अंश पश्चिम. बेरीज १७८. म्हणजे ही दोन शहरं पृथ्वीच्या जवळजवळ बरोब्बर विरुद्ध बाजूंच्या रेखावृत्तांवर आहेत (१८० झाली असती तर तंतोतंत विरुद्ध). अशा वेळी एका शहरातून दुसऱ्याकडे जायचा सगळ्यात जवळचा रस्ता कुठला, तर सरळ उत्तर ध्रुवावरून! सिंगापूर विषुववृत्ताच्या जेमतेम सव्वा-दीड अंश वर, तिथून ध्रुवापर्यंत साधारण साडेअठ्ठ्याऐंशी अंश चढायचं, आणि पलीकडे न्यूयॉर्क पावणेएक्केचाळीस अंशांवर आहे म्हणून ध्रुवापासून साधारण साडेएकोणपन्नास अंश उतरायचं. झाले १३८ अंश. एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर. गुणाकार करा, १५,३१८ येतात. जगातल्या सगळ्यात लांबच्या नियमित नॉनस्टॉप फ्लाइटचं अंतर आपण चार ओळीत काढलं.

पण भिंतीवरच्या नकाशात बघाल तर हे अजिबात पटणार नाही. तिथे सिंगापूर उजवीकडे खाली, न्यूयॉर्क डावीकडे वर, आणि दोघांना जोडणारी पट्टी ठेवली तर ती हिंदी महासागर, आफ्रिकेचा वरचा भाग आणि अटलांटिक अशी तिरकी जाते. मर्केटरने १५६९ मध्ये जो नकाशा काढला तो जहाजांसाठी, होकायंत्राची दिशा न बदलता जाता यावं म्हणून, आणि त्यात ध्रुवाकडचा भाग इतका ताणला जातो की ध्रुव स्वतः नकाशात मावतच नाही. मग जो रस्ता ध्रुवावरून जातो तो त्या नकाशात दिसणार तरी कसा. घरात पृथ्वीचा गोल असेल तर एकदा हे करून बघा, दोऱ्याचं एक टोक सिंगापूरवर अंगठ्याने दाबायचं आणि दुसरं न्यूयॉर्कवर धरून दोरा हळूहळू ताणायचा. सुरुवातीला दोरा मध्य आशियावर, युरोपवर कुठेतरी ढिला पडलेला असतो, ताण वाढला की तो आपोआप वर सरकायला लागतो, चीन, मंगोलिया, सायबेरिया करत करत शेवटी गोलाच्या वरच्या स्क्रूला जाऊन टेकतो. लहान मुलांना मी हे दाखवलंय, त्यांना एकदम पटतं, मोठी माणसं मात्र दोरा पुन्हा खाली ओढून बघतात.

हा जो ताणलेल्या दोऱ्याचा रस्ता आहे त्यालाच ग्रेट सर्कल म्हणतात आणि वेबसाइटवर दिसणारं अंतर म्हणजे हेच. त्यात पण थोडी खोच आहे, पृथ्वी पूर्ण गोल नाही, ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे, त्यामुळे साधा गोल धरून केलेल्या हिशोबात अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो. म्हणून दोन साइट्सवर वीस-तीस किलोमीटरचा फरक दिसला तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही. आणि कुठे मैल दिसले तर ते कुठले मैल आहेत हे नक्की बघा, कारण विमानवाले नॉटिकल मैल वापरतात, तो १,८५२ मीटरचा, आणि रस्त्यावरचा मैल साधारण १,६०९ मीटरचा. लांबच्या अंतरावर ही गल्लत चांगली हजार-दोन हजार किलोमीटरला पडते.

बरं, आता १५,३०० ला ९०० ने भागा. मोठी विमानं वरती ध्वनीच्या वेगाच्या साधारण ०.८५ पट वेगाने उडतात, त्या उंचीवर म्हणजे तासाला ९०० किलोमीटर. उत्तर आलं १७ तास. बऱ्याच साइट्स एवढाच भागाकार करून मोकळ्या होतात आणि मग लोक तो आकडा खरा धरतात. पण हे १७ तास म्हणजे वारा शून्य, रस्ता सरळ, आणि विमान पहिल्या मिनिटापासून फुल स्पीडला, यातलं एकही खरं नसतं.

सगळ्यात मोठा खेळ वाऱ्याचा. जमिनीपासून ९ ते १२ किलोमीटर उंचीवर, म्हणजे नेमकं जिथे विमानं उडतात तिथेच, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वाऱ्याचे पट्टे असतात, जेट स्ट्रीम. हिवाळ्यात ते ताशी २०० किलोमीटरच्या वर सहज जातात आणि कधी कधी त्याच्याही बऱ्याच पुढे. जपानच्या वासाबुरो ओइशी नावाच्या हवामानतज्ज्ञाने १९२० च्या दशकातच फुगे सोडून सोडून हे वारे मोजले होते, पण त्यांनी आपला अहवाल छापला एस्पेरांतो या मुद्दाम बनवलेल्या जागतिक भाषेत, जगभरच्या लोकांना वाचता यावा म्हणून, आणि झालं उलटंच, बाहेर फारसा कोणी वाचला नाही. दुसऱ्या महायुद्धात उंचावरून उडणाऱ्या बॉम्बर विमानांना हा वारा अंगावर आला तेव्हा बाकीच्यांना कळलं. मला ओइशींबद्दल फार वाटतं. आज रोज हजारो विमानांचा रस्ता ज्या गोष्टीवर ठरतो ती या माणसाने फुगे आणि दुर्बीण घेऊन शोधली होती.

वारा पाठीमागून असला की काय होतं याचं एक उदाहरण देते. ८ फेब्रुवारी २०२० च्या रात्री न्यूयॉर्कहून लंडनला निघालेलं ब्रिटिश एअरवेजचं ७४७ विमान ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. एरवी याच प्रवासाला साडेसहा तासांच्या आसपास लागतात. तेव्हा सियारा नावाचं वादळ अटलांटिकवर होतं आणि त्यामुळे जेट स्ट्रीम जबरदस्त होता, विमानाचा जमिनीच्या हिशोबाने वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. आता कोणी म्हणेल की म्हणजे ते ध्वनीपेक्षा जास्त वेगाने गेलं, तर नाही, विमान हवेतून नेहमीच्याच वेगाने चाललं होतं, हवाच पुढे धावत होती. नदीत नाव वल्हवणाऱ्याला प्रवाहासोबत जाताना जसं काठ भराभर मागे जाताना दिसतो पण त्याचे हात नेहमीसारखेच चालत असतात, तसं.

इथे एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगायला पाहिजे कारण मी हे पुष्कळदा ऐकते, की पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते म्हणून एका बाजूला जायला वेळ कमी लागतो. तसं नाहीये. विषुववृत्तावर जमीन ताशी साधारण १,६७० किलोमीटरने फिरते, आणि तिच्याबरोबर हवाही फिरते, त्या हवेत असलेलं विमानही. नाहीतर हेलिकॉप्टर नुसतं वर उभं केलं असतं आणि खालून शहरं सरकत आली असती. फरक पडतो तो वाऱ्याने. हां, वारे पश्चिमेकडून पूर्वेकडेच का वाहतात याच्या मुळाशी पृथ्वीचं फिरणं आहे, म्हणून त्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, पण विमानाला थेट त्याचा फायदा नाही.

आणि अजून एक, जाताना वाऱ्याने जे दिलं ते येताना तेवढंच परत घेतलं, हिशोब सारखा, असं वाटतं ना? नाही होत सारखा. समजा अंतर ६,३०० किलोमीटर आहे आणि विमानाचा वेग ९००. वारा नसेल तर सात तास जायला, सात यायला, चौदा. आता २०० चा वारा धरा. जाताना वेग १,१००, म्हणजे ५ तास ४४ मिनिटं. येताना ७००, म्हणजे पूर्ण ९ तास. एकूण १४ तास ४४ मिनिटं. पाऊण तास हवेत गेला! कारण उलट्या वाऱ्यात आपण जास्त वेळ अडकलेलो असतो आणि सुलट्या वाऱ्यात कमी वेळ, म्हणून नुकसान नेहमी फायद्यापेक्षा मोठं राहतं.

म्हणूनच विमान कंपन्या सरळ रस्त्याचा हट्ट धरत नाहीत. सिंगापूर-न्यूयॉर्क घ्या, ध्रुवावरचा रस्ता सगळ्यात कमी अंतराचा हे आपण आत्ताच काढलं, पण प्रत्यक्षात जाताना विमान बऱ्याचदा जपानच्या बाजूने पॅसिफिक ओलांडून, अलास्का-कॅनडावरून उतरतं, आणि येताना कधी कधी अटलांटिक आणि युरोपवरून येतं. दोन्ही वेळा पूर्वेकडे! म्हणजे जाऊन-येऊन पृथ्वीला एक पूर्ण प्रदक्षिणा, आणि तीही वारा दोन्ही वेळा पाठीशी घेऊन. हे पहिल्यांदा ट्रॅकरवर बघितलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या दोन रेषांकडे बघत होते. किलोमीटर हजाराने वाढतात, तरी तास वाढत नाहीत, उलट कमी होतात.

एअर इंडियाने २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये हेच केलं. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं, साधारण १३,९०० किलोमीटर. ते त्यांनी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली, १५,३०० किलोमीटर, चौदाशे किलोमीटर जास्त, आणि प्रवास साडेचौदा तासांत, म्हणजे पूर्वीपेक्षा सुमारे दोन तास कमी. याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. किंवा कदाचित आहे, ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीने २०१९ मध्ये तीन चाचणी उड्डाणं केली होती, मोजकी माणसं घेऊन. त्यातली दोन बघा. न्यूयॉर्क ते सिडनी, साधारण १६,२०० किलोमीटर, १९ तास १६ मिनिटं. आणि लंडन ते सिडनी, साधारण १७,८०० किलोमीटर, १९ तास १९ मिनिटं. सोळाशे किलोमीटर जास्त आणि वेळ फक्त तीन मिनिटं जास्त! एक विमान पश्चिमेकडे चाललं होतं, दुसरं पूर्वेकडे.

विमानात बसल्यावर समोरच्या स्क्रीनवर मी पिक्चर लावत नाही, नकाशा लावून ठेवते. त्यात पाळीपाळीने आकडे येत असतात, उंची, बाहेरचं तापमान उणे पन्नासच्या खाली, ग्राउंड स्पीड म्हणजे जमिनीच्या हिशोबाने वेग, आणि काही विमानांत हेडविंड (समोरचा वारा) किंवा टेलविंड (पाठचा वारा) पण देतात. टेलविंड १४० दिसलं आणि ग्राउंड स्पीड १,०४० दिसला की वजाबाकी करून बघायची, परत ९०० च येतात. अर्ध्या तासाने वारा ९० वर आला की स्पीड बरोबर ९९० होतो. त्याच वेळी खाली लिहिलेला पोचण्याचा वेळ दोन-तीन मिनिटांनी पुढे सरकतो. एवढ्या मोठ्या विमानाचं वेळापत्रक डोळ्यांसमोर वाऱ्याने हलताना बघायला मिळतं, मला तरी याचा कधी कंटाळा आलेला नाही.

वाऱ्याच्या खालोखाल येतात सीमा. आकाशात रेषा आखलेल्या नसल्या तरी प्रत्येक देशाची हवाई हद्द आहे आणि ती बंद झाली की दोऱ्याचा रस्ता कागदावरच राहतो. हेलसिंकी ते टोकियो हा प्रवास रशियावरून साडेनऊ तासांच्या आसपास व्हायचा, फिनलंडच्या फिनएअर कंपनीने आपला सगळा आशियाचा धंदाच या जवळच्या रस्त्यावर उभा केला होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला, हवाई हद्दी बंद झाल्या, आणि तोच प्रवास १३ तासांवर गेला. काही विमानं थेट उत्तर ध्रुवावरून वळसा घालून जायला लागली. हेलसिंकी तिथेच आहे, टोकियो तिथेच आहे, वेबसाइटवरचं अंतर एका किलोमीटरने बदललेलं नाही, आणि माणसाच्या आयुष्यातले साडेतीन तास वाढले. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानची हद्द भारतीय विमानांना बंद झाली तेव्हा दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्यांनी पण हे अनुभवलं, काही अमेरिकेच्या फ्लाइट्सना तर मध्ये व्हिएन्नाला इंधनासाठी उतरावं लागायला लागलं.

हे काही नवीन नाही. शीतयुद्धात सोव्हिएत आकाश बहुतेकांना बंद होतं म्हणून युरोप-जपान विमानं अलास्काच्या अँकरेजला थांबून जायची, १९५७ मध्ये एसएएस या स्कँडिनेव्हियन विमान कंपनीने कोपनहेगन-टोकियो असं ध्रुवावरून सुरू केलं होतं. एका पिढीसाठी युरोप ते जपान म्हणजे अँकरेजचा तो हॉल्ट हे समीकरणच होतं.

कधी कधी उलटं पण होतं, अडचणीमुळे थांबाच नाहीसा होतो. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे अमेरिकेतून ट्रान्झिट बंद झालं, आणि एअर ताहिती नुईचं विमान एरवी लॉस एंजेलिसला थांबून जायचं ते ताहितीतल्या पापीतेहून थेट पॅरिसला गेलं, १५,७१५ किलोमीटर, सुमारे सोळा तास, आणि गंमत बघा, ताहिती फ्रान्सच्याच ताब्यातलं असल्यामुळे ही कागदोपत्री देशांतर्गत फ्लाइट!

इंजिनांचा नियम थोडक्यात सांगते. दोन इंजिनांच्या विमानाचं एक इंजिन बंद पडलं तर ठराविक मिनिटांत उतरायला विमानतळ मिळालाच पाहिजे असा नियम आहे. १९५३ मध्ये ही मर्यादा ६० मिनिटं होती, १९८५ मध्ये १२० झाली, मग १८०, आणि आता एअरबसच्या ए३५० विमानाला ३७० मिनिटांपर्यंत परवानगी आहे. उत्तर गोलार्धात आता याने फारसं अडत नाही, पण सिडनी ते सँटियागोसारख्या दक्षिणेकडच्या रस्त्यांवर, जिथे खाली फक्त समुद्र आणि अंटार्क्टिका, तिथे पूर्वी विमानाला चार इंजिनं असणं किंवा वळसा घेणं भाग होतं. ध्रुवावर आणखी एक काळजी असते, थंडी. विमानाचं जेट ए-१ इंधन उणे ४७ अंशांला गोठायला लागतं, त्यामुळे पायलट टाकीतल्या तापमानावर लक्ष ठेवून असतात आणि गरज पडली तर खाली उबदार हवेत उतरतात.

टाकीचा विषय निघालाच आहे तर हे पण. सिंगापूर एअरलाइन्स या रूटला जे ए३५०-९०० यूएलआर (अति लांब पल्ल्याचं विमान) वापरते त्यात १,६५,००० लिटर इंधन मावतं. लिटरला साधारण ८०० ग्रॅम धरले तर १३२ टन. आणि विमानाचं जास्तीत जास्त टेक-ऑफ वजन २८० टन. म्हणजे टाकी पूर्ण भरून उडताना जवळजवळ निम्मं वजन नुसतं इंधनाचं! त्यातलं बरंचसं इंधन हे बाकीचं इंधन उचलून नेण्यासाठीच जळतं. म्हणून त्या विमानात सीट्स फक्त १६१, इकॉनॉमी क्लासच नाही. याच कंपनीने २००४ मध्ये चार इंजिनांच्या ए३४०-५०० ने न्यूयॉर्कजवळच्या न्यूअर्कला हा रूट सुरू केला होता, तो २०१३ मध्ये परवडेना म्हणून बंद झाला, आणि दोन इंजिनांचं काटकसरी विमान आल्यावर २०१८ मध्ये परत सुरू झाला. अंतर कापायची ताकद आधीही होती, अडत होतं ते इंधनाच्या खर्चावर.

वेग वाढवला की प्रश्न सुटेल असं वाटतं, पण गेली साठ-पासष्ट वर्षं प्रवासी विमानांचा वेग जवळपास तेवढाच आहे. १९५८ मध्ये बोईंग ७०७ आलं ते आजच्या विमानांच्याच वेगाने उडायचं. ध्वनीच्या वेगाजवळ गेलं की हवेचा विरोध एकदम वाढतो, इंधन भसाभस जळतं. काँकॉर्ड या ध्वनीपेक्षा वेगवान प्रवासी विमानाने ती भिंत ओलांडली, ७ फेब्रुवारी १९९६ ला न्यूयॉर्क-लंडन २ तास ५२ मिनिटं ५९ सेकंद, पण त्याची टाकी जेमतेम अटलांटिक ओलांडण्यापुरती, सिंगापूर-न्यूयॉर्कसारख्या रूटवर त्याला मध्ये दोनदा तरी उतरावं लागलं असतं. २००३ मध्ये तेही थांबलं.

मग खरी प्रगती कुठे झाली, तर थांबे कमी होण्यात. १९४७ मध्ये क्वांटासचं कॉन्स्टेलेशन विमान सिडनीहून लंडनला निघालं की डार्विन, सिंगापूर, कलकत्ता, कराची, कैरो, त्रिपोली करत चार दिवसांनी पोचायचं. त्याच्याही आधी युद्धाच्या काळात, १९४३ ते ४५, पर्थहून श्रीलंकेतल्या कोग्गलाला कॅटालिना नावाची समुद्री विमानं जायची, न थांबता, रेडिओ बंद ठेवून, २७ ते ३३ तास. प्रवाशांना एकाच उड्डाणात दोन सूर्योदय दिसायचे. वेगाने बघितलं तर ते विमान आजच्यापुढे काहीच नाही, पण इतका वेळ सलग हवेत राहायचं म्हणजे आतल्या माणसांची काय कमाल असेल. २०१८ च्या मार्चपासून पर्थ-लंडन, १४,५०० किलोमीटर, सुमारे १७ तासांत एका दमात होतं, आणि सिडनी-लंडन थेट न्यायच्या प्रकल्पाला क्वांटासने त्या जुन्या उड्डाणांवरूनच सनराइज नाव दिलंय.

आता प्रत्यक्ष तिकीट काढणाऱ्यासाठी. तिकिटावर जो वेळ लिहिलेला असतो तो उडण्याचा वेळ नसतोच, तो गेटपासून गेटपर्यंतचा असतो, ब्लॉक टाइम म्हणतात त्याला. त्यात विमान मागे ढकलणं, रनवेपर्यंत रांगेत सरकत जाणं, उतरायच्या आधी आकाशात घातलेल्या घिरट्या, उतरून गेटपर्यंत जाणं हे सगळं धरलेलं असतं. मोठ्या गर्दीच्या विमानतळांवर नुसतं जमिनीवर सरकण्यात अर्धा तास जातो. वर कंपन्या थोडी ढील पण ठेवतात, उशीर झाला असं दिसू नये म्हणून, त्यामुळे कधी कधी उशिरा सुटलेलं विमान वेळेवर पोचतं. याला मी लबाडी म्हणणार नाही, वारा रोज बदलतो म्हटल्यावर काहीतरी एक सरासरी आकडा छापावाच लागतो. आणि हा आकडा मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतो, उन्हाळी आणि हिवाळी वेळापत्रकं वेगळी असतात. मागच्या वर्षी जानेवारीत एवढे तास लागले होते म्हणून जुलैत पण तेवढेच, असं धरू नका.

मध्ये थांबा असेल तर उडण्याच्या तासांपेक्षा थांब्याचे तास महत्त्वाचे. जवळचा थांबा आणि सहा तास बसणं यापेक्षा थोडा वळसा आणि अडीच तासांचं कनेक्शन मला कधीही चांगलं वाटतं, फक्त ते दीड तासाच्या खाली असलं तर मी घेत नाही, लांबच्या पहिल्या फ्लाइटला अर्धा तास उशीर ही रोजची गोष्ट आहे.

आणि सगळ्यात जास्त लोक जिथे अडखळतात ते घड्याळ. तिकिटावर सुटण्याची वेळ तिथली, पोचण्याची वेळ इथली, त्यांची वजाबाकी करून काही हाती लागत नाही. दोन्ही वेळा आधी यूटीसीमध्ये, म्हणजे जगाच्या एका प्रमाण घड्याळात आणायच्या आणि मगच वजाबाकी करायची, किंवा प्रवासाचे तास माहीत असतील तर सुटण्याच्या वेळेत ते मिळवायचे. समजा सिंगापूरहून विमान रात्री साडेबाराला सुटलं, सिंगापूर यूटीसीच्या ८ तास पुढे, म्हणजे यूटीसी आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेचार. त्यात साडेअठरा तास मिळवा, यूटीसी सकाळचे ११. न्यूयॉर्क उन्हाळ्यात ४ तास मागे, म्हणजे तिथे सकाळचे ७, त्याच तारखेला. साडेअठरा तास बसून घड्याळ फक्त साडेसहा तास पुढे. हिवाळ्यात न्यूयॉर्क ५ तास मागे जातं, म्हणजे तेव्हा ६ वाजता.

येताना याची सगळी भरपाई द्यावी लागते. उन्हाळ्यात न्यूयॉर्कहून १० तारखेला रात्री साडेदहाला निघालात, १८ तास ४० मिनिटं धरली, तर सिंगापूरला उतरता १२ तारखेला पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी. ११ तारीख जवळपास सगळी विमानात गेली. घरातल्या कोणाचा वाढदिवस किंवा लग्न ११ ला असेल तर १० च्या रात्रीचं तिकीट बघून एक दिवस आधी निघतोय असं वाटतं, आणि उतरल्यावर कळतं की तारीख उलटून गेलीय. ९ च्या रात्रीचं काढा, ११ ला पहाटे पोचाल.